पंचरंगी सामन्यांतील ‘बाकीचे’ आणि आमचे हिंवाळी खेळ

भातकापणी होऊन खळें उरकलें, कीं आमच्या भागांतील शेतें मोकळीं होतात. आणि आगमनकाळाचा पहिला रविवार येतो न येतो तोंच त्या शेतांतून चेंडूफळीचा आवाज ऐकूं येऊं लागतो. पावसाळ्यांत जेथें गुडघाभर चिखल होता, तेथें धसकटें उपटून, ढेकळें फोडून, पाणी मारून व रूळ फिरवून खेळपट्टी सिद्ध होते. पोटापाण्यासाठीं दूरदेशीं किंवा बोटीवर गेलेलीं माणसें ह्याच सुमारास घरीं परततात, मुलांना नाताळची सुटी लागते, आणि ऊनहि सोसवेल इतपतच असतें. आमच्या क्रीडामंडळाचा सारा उत्सव हिंवाळ्यांत कां, ह्याचें उत्तर एवढेंच आहे.

ह्या स्मरणिकेंत मंडळाविषयीं कांहीं लिहावें, अशी आम्हांस विनंति झाली. चषकांची व ढालींची यादी देणें सोपें होतें, आणि ती वाचून कांहीं घरांत आनंदहि झाला असता. परंतु यादीपेक्षां एक जुना वाद आमच्या मनांत अधिक घोळतो. सामन्यांच्या तयारीसाठीं सभा भरली, कीं दरवर्षी कोणी तरी उठून विचारतो: आपल्या पॅरिशबाहेरच्या, किंबहुना आपल्या धर्माबाहेरच्या खेळाडूंस संघांत घ्यावें कीं नाहीं? आवाज चढतात, चहा निवून जातो, आणि प्रश्न पुढील वर्षावर ढकलला जातो. हा प्रश्न आमच्याच दारीं प्रथम आलेला नाहीं. मुंबई शहरांत तो अर्धशतकाहून अधिक काळ गाजला, आणि त्या इतिहासांत आम्हां ख्रिस्ती लोकांचेंहि एक पान आहे. तें येथें उलगडून दाखवावें, असें आम्हीं ठरविलें आहे.

मुंबईंत इंग्रजांमागून क्रिकेट आपलेंसें केलें तें पारशी समाजानें. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब सन १८४८ मध्यें निघाला, आणि सन १८७७ मध्यें पारशी व युरोपियन ह्यांच्यांत सामना झाला. पुढें समुद्रकांठीं एकेका समाजाचा जिमखाना उभा राहूं लागला: सन १८८५ मध्यें पारशांचा, १८९२ मध्यें मुसलमानांचा, १८९४ मध्यें हिंदूंचा. ज्या वर्षीं हिंदु, मुसलमान, पारशी व युरोपियन ह्यांचे चौरंगी सामने सुरू झाले, त्याच १९१२ सालीं कॅथलिक जिमखान्याचीहि स्थापना झाली. आजहि मरीन ड्राइव्हवरून जातांना ह्या जिमखान्यांची रांग दृष्टीस पडते. मैदान मिळालें तें समाजाच्या नांवानें, आणि त्यामुळें खेळहि समाजाच्या नांवानेंच होऊं लागला. ह्यांत त्या काळच्या लोकांस कांहीं वावगें वाटलें नाहीं. शहरांत आपल्या मुलांस हक्काची जागा नाहीं, ती मिळाली, ह्याचाच त्यांस आनंद होता.

समाजाच्या नांवाचें कुंपण हें नेहमीं बाहेरच्यांनाच अडवितें असें नाहीं. पळवणकर बाळू हे त्या काळचे अव्वल डावखुरे गोलंदाज; हिंदु संघास त्यांच्या हातांची गरज होती, परंतु ते चांभार जातीचे म्हणून पुण्यास मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांतून त्यांस चहा देत. त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल सन १९२३ मध्यें हिंदु संघाचे कर्णधार झाले. तेथपर्यंत येण्यास त्या भावंडांना किती वर्षें झगडावें लागलें, हें मुंबईकरांस ठाऊक आहे.

आतां आमच्या पानाकडे वळूं. सन १९३७ मध्यें चौरंगीचे पंचरंगी झाले. हिंदी ख्रिस्ती, यहूदी, बौद्ध इत्यादि लोकांचा मिळून एक पांचवा संघ घेण्यांत आला व त्यास इंग्रजींत नांव मिळालें ‘दि रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’. मानाच्या पंगती उठल्यावर उरल्यासुरल्यांस एका पानावर बसवावें, तसें हें नांव आम्हांस आजहि वाटतें. तरीहि त्या पंगतीस आमचे लोक आनंदानें बसले, कारण पंचवीस वर्षें ते नुसते प्रेक्षकच होते. (त्याच वर्षीं ब्रेबोर्न स्टेडियमवरील आसनांच्या वांटणीवरून हिंदु संघानें सामन्यांतून अंग काढून घेतलें. ज्यांस जागा आहे ते आसनांसाठीं रुसतात, हें तेव्हांपासूनचेंच आहे.)

‘बाक्यां’नीं अजिंक्यपद एकदाहि मिळविलें नाहीं. परंतु सन १९४३ चा हिंवाळा त्यांच्याच नांवें लिहिला गेला. विजय हजारे हे सांगलीचे, ११ मार्च १९१५ रोजीं एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले. अबोल मनुष्य. क्लॅरी ग्रिमेट ह्या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाचें मार्गदर्शन त्यांस लाभलें होतें. पंचरंगींतील वैयक्तिक धावांचा उच्चांक तोंवर विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २४३ धावांचा होता. हजाऱ्यांनीं मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा करून तो मोडला. अंतिम सामना हिंदूंशीं पडला. त्यांत मर्चंटांनीं नाबाद २५० धावा काढून तो परत घेतला, आणि हिंदु संघानें ५ गड्यांच्या मोबदल्यांत ५८१ धावांवर डाव सोडला. ‘बाक्यां’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यांपैकीं ५९ हजाऱ्यांच्या. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावांतहि पांच गडी हां हां म्हणतां बाद झाले, आणि मग धाकटे बंधु विवेक हजारे मैदानांत उतरले.

त्या दोघां भावांनीं ३०० धावांची भागी केली. त्यांत विवेकांच्या धावा किती? अवघ्या २१. ते तासन्तास दुसरें टोंक धरून उभे राहिले आणि थोरल्या भावास खेळूं दिलें. विजय हजाऱ्यांनीं ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा झाल्या ३८७. उच्चांक पुन्हां ‘बाक्यां’कडे आला, तरी सामना एक डाव व ६१ धावांनीं हरला तो हरलाच. धावफलक वाचणारा ३०९ ह्या आंकड्यावर थांबतो. आमची दृष्टि मात्र २१ वर खिळते. त्याचें कारण पुढें येईलच.

ह्याच सामन्यांविरुद्ध त्यापूर्वीं मोठा आवाज उठला होता. डिसेंबर १९४० मध्यें हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ वर्ध्यास महात्मा गांधींकडे गेलें. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे आपसांतील सामने आपणांस समजतात, परंतु हिंदु, पारशी, मुसलमान असे धर्मावर पाडलेले संघ आपणांस समजत नाहींत, अशा आशयाचें निवेदन त्यांनीं केलें. हिंदु संघ त्या वर्षीं खेळला नाहीं. पुढल्या वर्षीं मात्र पुन्हां उतरला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी हेहि ह्या सामन्यांचे कडवे विरोधक होते. प्रेक्षकांनीं मात्र मैदानें भरून वाहविलीं. अखेर सन १९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

तें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. परंतु हें मत देतांना आम्हांस थोडें अवघडतेंहि. पंचरंगी नसते, तर त्या हिंवाळ्यांत सांगलीच्या ख्रिस्ती शिक्षकाच्या मुलास तो डाव खेळण्यास मिळाला नसता. कुंपण वाईट खरें, परंतु ज्यास दुसरीकडे मैदानच नव्हतें, त्याच्यासाठीं त्या कुंपणाच्या आंत निदान एक मैदान होतें. पुढें हजाऱ्यांस कुंपणाची गरज उरली नाहीं. जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेड येथें त्यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटींत ११६ व १४५ अशीं दोन शतकें केलीं, आणि फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रास येथें भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच कर्णधारपदाखालीं. तेथें ‘बाकीचे’ कोणी नव्हते.

आतां त्या २१ धावांविषयीं. आमच्या हिंवाळी सामन्यांत ज्यांचीं नांवें ढालीवर कोरलीं जात नाहींत, त्यांचा हिशेब आम्हीं एकदां मांडून पाहिला. पहाटे दंव असतांना रूळ ओढणारे. चुन्याच्या रेघा मारणारे. काथ्याची चटई खिळे ठोकून ताणणारे. दिवसभर उन्हांत पंच म्हणून उभे राहून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारे. धावांची वही राखणारी शाळकरी मुलगी, जिची बेरीज कधीं चुकली नाहीं. लिंबाच्या सरबताचें भांडें शेताच्या बांधावरून डोक्यावर आणणाऱ्या माउल्या. आणि सारें आटोपल्यावर काळोखांत कनाती उतरविणारे. ह्यांतील कोणासहि कधीं कांहीं मिळालें नाहीं. एका वर्षी नाताळानंतर अवकाळी पाऊस पडला व अंतिम सामन्याच्या आदल्या रात्रीं खेळपट्टी भिजली. तेव्हां गोणपाटें घेऊन जे धांवले, त्यांत शेजारच्या पाड्यावरचे चार तरुण होते. त्यांनीं गुडघ्यांवर बसून पाणी टिपलें. दुसऱ्या दिवशीं ते बांधावर बसून सामना पाहत होते, कारण नियमाप्रमाणें ते कोणत्याहि संघांत बसत नव्हते.

आम्ही त्यांस काय म्हणत होतों? बाहेरचे. ‘बाकीचे’ ह्या शब्दाचेंच हें मराठी भाषांतर आहे, आणि ज्यांनीं तो शब्द स्वतःविषयीं ऐकला आहे त्यांच्याच तोंडीं तो आला, ह्याची आम्हांस लाज वाटते.

मंडळाच्या कांहीं ज्येष्ठांची भीति आम्हांस ठाऊक आहे. दार उघडलें तर पैसे देऊन आणलेले खेळाडू येतील, आणि आपल्या मुलांस बांधावर बसावें लागेल. ती भीति अगदींच निराधार नाहीं. आसपासच्या कित्येक स्पर्धांत तसें झालेलें आम्हीं पाहिलें आहे. तिच्यावर उपाय म्हणून आम्ही एक सूचना मंडळापुढें ठेवीत आहों. संघांत कोणास घ्यावें हें जातीधर्मावर न ठरवितां कामावर ठरवावें: ज्यानें त्या हंगामांत सात दिवस मैदानावर हात लावला आहे, मग तो कोणत्याहि घरचा असो, त्यास खेळण्याचा हक्क असावा. पैसे घेऊन येणारा रूळ ओढावयास येत नाहीं.

ज्युबिलीच्या वर्षाची सभा भातकापणीनंतरच्या पहिल्या रविवारीं, दुसऱ्या मिस्सानंतर, पॅरिशच्या सभागृहांत भरेल. त्या चार तरुणांसहि आम्हीं निरोप धाडला आहे.