जुना संच आणि नवें चित्र



गेल्या महिन्यांत आमच्या घरांतील दूरचित्रवाणी संचाचें चित्र एकाएकीं नाहींसें झालें. आवाज मात्र पूर्ववत् ऐकूं येत होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, नऊ वर्षें झालीं. दुरुस्तीवर पैसे घालण्यापेक्षां आतां नवाच घेऊं या." त्यावर आमच्या मातोश्री उद्गारल्या, "अरे, बोलतोय ना तो अजून? मग मेला कसा म्हणतोस?" नातवाच्या व आजीच्या या वादांत निवाडा करण्याचें काम माझ्याकडे आलें. तो देण्यापूर्वीं मीं इतिहासाची साक्ष काढली. तीच आज आपणांपुढें मांडतों.

संच बदलण्याची पाळी तीन कारणांनीं येते. त्यांतला एखादा भाग निकामी होतो, किंवा प्रक्षेपणाची पद्धत बदलते, किंवा आपलें मन बदलतें. यांपैकीं दुसऱ्या कारणाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

अमेरिकेंत १९५० सालीं सरकारी नियामक मंडळानें रंगीत प्रक्षेपणाची एक पद्धत मान्य केली. तिच्यांत दोष एवढाच होता कीं, लोकांच्या घरीं असलेल्या कृष्णधवल संचांवर तें चित्र मुळींच उमटत नसे. असे संच तेव्हां एक कोटीच्या घरांत होते. जून १९५१ मध्यें सुरू झालेलें हें प्रक्षेपण ऑक्टोबरांतच बंद पडलें. पुढें डिसेंबर १९५३ मध्यें जी पद्धत मान्य झाली, तिच्यांत रंगीत कार्यक्रम जुन्या संचावरहि कृष्णधवल रूपांत दिसत असे. नवें आणतांना जुन्याचा घात करूं नये, हा धडा तेथें असा मिळाला.

इंग्लंडची कथा याहून सौम्य आहे. बी. बी. सी. नें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित प्रक्षेपण सुरू केलें आणि थोड्याच महिन्यांत ४०५ ओळींच्या चित्राची पद्धत कायम केली. एप्रिल १९६४ मध्यें ६२५ ओळींचें अधिक रेखीव चित्र आलें. परंतु जुन्या संचांसाठीं जुनें प्रक्षेपण आणखी वीस वर्षें चालूं ठेवण्यांत आलें. तें थांबलें जानेवारी १९८५ मध्यें. युद्धापूर्वींचा संच कोणीं जपून ठेवला असता, तर तोंपर्यंत तो उपयोगीं पडला असता!

आपल्याकडेहि तेंच घडलें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि १९८२ सालीं, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षीं, देशांत रंग आला. जुने संच त्यामुळें आंधळे झाले नाहींत. २०१२ च्या अखेरीस मुंबईंतील केबलचें प्रक्षेपण अंकीय झालें, तेव्हांहि संचाशेजारीं एक लहानशी पेटी ठेवली कीं काम भागत असे. म्हणजे, पद्धत बदलली म्हणून संच टाकलाच पाहिजे, असा प्रसंग क्वचितच येतो.

आतां पहिलें कारण. पूर्वींचे कारागीर खांद्यावर पिशवी घेऊन घरीं येत, पाठीमागचें झांकण उघडीत आणि नेमका बिघडलेला भाग बदलीत. चित्रनळी गेली तरच खर्च मोठा असे. आजच्या सपाट संचांत चित्रनळीची जागा पडद्यानें घेतली आहे. पडदा फुटला तर नवा संच घेणेंच बहुधा शहाणपणाचें. कारण संचाच्या किंमतीचा मोठा वांटा त्या एका भागाचा असतो. परंतु वीजपुरवठ्याची पाटी किंवा पडद्यामागील दिव्यांची पट्टी गेली, तर दुरुस्ती अल्प खर्चांत होते.

हें ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. आवाज येत असून पडदा काळा असेल, तर खोलींत अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर जवळून व तिरपा टाकावा. पुसट चित्र हलतांना दिसलें, तर पडदा शाबूत असून मागचे दिवेच विझले आहेत, असें बहुधा समजावें. झांकण मात्र स्वतः उघडूं नये. जुन्या रंगीत चित्रनळीच्या संचांत तर वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असे व बटण बंद केल्यावरहि तो कांहीं काळ टिकून राही. त्या नळीच्या कांचेंत शिसेंहि असतें. म्हणून असा संच भंगारवाल्याकडून फोडून घेऊं नये. १ मे २०१२ पासून आपल्या देशांत अशा कचऱ्यासाठीं स्वतंत्र नियम लागू झाले, त्यामागें हेंच कारण होतें.

राहिलें तिसरें कारण. १९८२ सालीं आमच्या वडिलांनीं धडधाकट कृष्णधवल संच देऊन रंगीत घेतला. आईनें कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "संच बिघडलेला नाहीं, मलाच रंग पाहिजे आहे." हा प्रामाणिकपणा मला आजहि मोलाचा वाटतो. हौस म्हणून नवें घ्यावें. पण हौशीचा दोष जुन्या संचाच्या माथीं मारूं नये.

त्या रात्रीं दिवे मालवून चिरंजीवांनीं विजेरी धरली. काळ्या पडद्यावर बातम्या सांगणाऱ्या बाईंचा पुसट चेहरा दिसला. "आजी, तुझें खरें," एवढेंच तो म्हणाला. दोन दिवसांनीं कारागिरानें दिव्यांच्या साऱ्या पट्ट्या बदलल्या. खर्च नव्या संचाच्या दशांशाहूनहि कमी आला, आणि मातोश्री पुन्हां आपल्या ठरलेल्या खुर्चींत येऊन बसल्या.