अतिसार : आहार व घरची शुश्रूषा (पेण-रोहा)

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे म्हणजे अतिसार. बोलीत जुलाब, ढाळ. भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहा हे रायगड जिल्ह्यातले भातपिकाचे तालुके. पहिल्या पावसात गढूळ पाणी विहिरींत उतरते, आणि उन्हाळ्यात पेणच्या खारेपाटात पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. दोन्ही वेळी अतिसाराचा धोका वाढतो.

खरे भय शरीरातले पाणी व क्षार निघून जाण्याचे. त्यामुळे ‘पोटाला आराम’ म्हणून खाणेपिणे तोडणे ही सर्वांत घातक समजूत होय. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. आजच्या ओआरएसचे (जलसंजीवनीचे) बळ तेच : साखरेच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी शोषते. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ वाढवू नये.

इथल्या घरांत तोच गुण भाताच्या पेजेत आहे. मूठभर (सुमारे 50 ग्रॅम) तांदूळ लिटरभर पाण्यात शिते फुटेपर्यंत शिजवावेत, आटलेले पाणी भरून काढावे आणि अर्धा चमचा मीठ घालावे. तांदळातल्या पिठूळ अंशाची पोटात हळूहळू साखर होते. बिनमिठाची पेज मात्र अपुरी. आजाऱ्याला अळणी द्यायची सवय इथे सोडावी. दमट हवेत पेज लवकर आंबते, तेव्हा 6 ते 8 तासांनी ताजी करावी. ओआरएसचे द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे.

दर जुलाबामागे दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्रव चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. सहा महिन्यांखालील बाळाला पेज नको. अंगावरचे दूध आणि ओआरएस पुरे.

भूक परतताच मऊ भात, मुगाचे वरण, केळे, ताकात भिजवलेले पोहे द्यावेत. पेणचे प्रसिद्ध पोह्यांचे पापड, तिखट सुकट, सरबते व बाटलीतली गोड पेये तूर्त बाजूला ठेवावीत. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते. सहा महिन्यांवरील मुलांना रोज 20 मिलिग्रॅम झिंक 14 दिवस द्यावे, जुलाब थांबले तरी. गोळ्या आशाताईंकडे मिळतात. जुलाब बांधणारे औषध मुलांना देऊ नये. पिण्याचे पाणी खळखळ उकळावे. विहिरीत टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनची) पावडर पडली का, हे ग्रामपंचायतीला विचारावे.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा तास लघवी नाही, सुस्ती किंवा पाणीही न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर पेण वा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे, 108 ला फोन करावा. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर वाटेतही घोटघोट पाजत राहावे.