बेथ कत्रायेला गेलेली पत्रे: काळ आणि ठिकाण यांचा शोध

सातव्या शतकात पूर्वेकडील सिरियाक चर्चचा, म्हणजे सासानी साम्राज्यात वाढलेल्या ख्रिस्ती संप्रदायाचा, प्रमुख असलेल्या तिसऱ्या ईशोयाहबने ‘बेथ कत्राये’ या प्रदेशातील बिशपांना, मठवासीयांना आणि सामान्य श्रद्धावंतांना लिहिलेली पाच पत्रे आज उपलब्ध आहेत. कतारच्या ख्रिस्ती भूतकाळाविषयी याहून बोलका लेखी पुरावा क्वचितच सापडेल. परंतु या पत्रांवर तारीख घातलेली नाही, आणि म्हणून ती केव्हा व कोठे लिहिली गेली हे अन्य खुणांवरून ठरवावे लागते.

पहिली खूण संग्रहाच्या रचनेतच आहे. ईशोयाहबची एकूण १०६ पत्रे त्याच्या पदांनुसार तीन भागांत लावलेली आहेत: निनवेचा बिशप असतानाची ५२, अर्बेलचा मेट्रोपॉलिटन, म्हणजे प्रांतातील सर्व बिशपांवरचा प्रमुख, असतानाची ३२, आणि कॅथॉलिकोस, म्हणजे संपूर्ण संप्रदायाचा मुख्य, झाल्यानंतरची २२. रूबेन्स द्यूवाल यांनी १९०४-०५ मध्ये हा संग्रह लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केला. कतारची पत्रे तिसऱ्या भागात येतात, आणि ईशोयाहब इ. स. ६४९ ते ६५९ या काळात कॅथॉलिकोस होता. तेव्हा त्यांचा काळ या दहा वर्षांत बसतो. लेखनाचे ठिकाणही पदाबरोबर सरकते: निनवे आणि अर्बेल ही शहरे उत्तर मेसोपोटेमियातील, तर कॅथॉलिकोसचे पीठ दक्षिणेला तैग्रिसकाठच्या सेल्युशिया-तेसिफोन येथे होते. तरीही ही विभागणी संकलकाच्या हातची आहे, आणि केवळ तिच्या आधारावर काळ निश्चित करणे इतिहासकाराला शोभणारे नाही. पत्रातील मजकूर तिला दुजोरा देतो की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

तो दुजोरा भरपूर मिळतो. पर्शियाच्या किनाऱ्यावरील रेव अर्दशीर येथील मेट्रोपॉलिटन शिमोन कॅथॉलिकोसचा अधिकार मानीत नव्हता, कतारचे बिशपही त्याच्या मागे गेले होते, आणि ईशोयाहबची सारी कळकळ हा दुरावा मिटवण्यासाठी आहे. शिमोनला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की अरबांना देवाने जगाचे राज्य दिले आहे, ते ख्रिस्ती धर्मावर हल्ला न करता पुरोहितांना मान देतात, आणि तरीही माझोनच्या, म्हणजे आजच्या ओमानच्या, ख्रिस्ती लोकांनी अर्धी मालमत्ता वाचवण्यासाठी श्रद्धा सोडली. सासानी सत्तेचा शेवटचा राजा तिसरा यज्दगर्द ६५१ मध्ये मारला गेला; अरब राज्य हीच प्रस्थापित व्यवस्था मानणारी ही भाषा त्या सत्तेच्या ऐन बहरात संभवतच नाही.

काळाची पुढची मर्यादा आणखी स्पष्ट आहे. कॅथॉलिकोस पहिला गिवर्गिस स्वतः आखातात आला आणि त्याने ६७६ मध्ये दैरीन येथे धर्मसभा भरवून १९ नियम संमत केले. या सभेच्या वृत्तान्तावर अरब राज्याचे सत्तावन्नावे वर्ष असा काल नोंदलेला आहे, आणि सहभागींत बेथ कत्रायेचा स्वतःचा मेट्रोपॉलिटन थोमा दिसतो. ईशोयाहबच्या पत्रांत मात्र हे बिशप रेव अर्दशीरच्या छायेत आहेत. अर्थात पत्रे या बदलाच्या आधीची ठरतात.

पत्रे कोठे पोहोचली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण बेथ कत्राये आजच्या कतारपुरते मर्यादित नव्हते. त्यातील दैरीन हे सौदी अरेबियातील तारूत बेटावर आहे, मशमाहिग म्हणजे बहरीनमधील समाहीज, आणि हगर म्हणजे अल-हसाचा मरूद्यान-प्रदेश. समाहीज येथे मशिदीच्या अवशेषांखाली उत्खननात सापडलेली ख्रिस्ती वास्तू चौथ्या ते आठव्या शतकातील ठरली आहे, म्हणजे ईशोयाहबनंतरही तिथला समाज टिकून होता. त्याच्या तक्रारीचा सूर पाहून आखातातील ख्रिस्ती जीवन तिथेच संपले असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये. निनवेचा इसहाक, ज्याचे तपश्चर्येवरील लेखन पुढे ग्रीक आणि अरबी भाषांत गेले, तोही याच प्रदेशात जन्मला होता.

मराठी वाचकाला या पत्रव्यवहारातील एक उल्लेख विशेष जवळचा वाटावा. शिमोनच्या हट्टामुळे पर्शियाच्या सागरी सीमेपासून कलह नावाच्या स्थळापर्यंत, १२०० फरसंगांवर पसरलेला भारत बिशपांविना राहिला, असे ईशोयाहब त्याला सुनावतो. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी कॉस्मास इंडिकोप्लेउस्टेस या व्यापारी-लेखकाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले होते, आणि अनेक अभ्यासक ते स्थळ आपले कल्याण बंदर मानतात. ही ओळख बरोबर असेल, तर रेव अर्दशीर आणि तेसिफोन यांच्यातील वादाची झळ उल्हास नदीच्या काठावरील उपासकांनाही लागली असणार.