संत कोणाचे? लोकांचे की रोमचे?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरले म्हणजे लाकडी सज्जांच्या घरांपाशी क्रूस उभा दिसतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा शहरातल्या ख्रिस्ती वस्त्यांनी असे कितीतरी क्रूस उभारले. त्यासाठी कोणी रोमची वाट पाहत बसले नाही. मग सामान्य कॅथलिकाची पोपकडून अपेक्षा तरी कोणती?

आपल्याकडे तुकोबांना संत म्हणावयास कोणत्या दरबाराचा दाखला लागला नाही. कॅथलिकांची रीत निराळी. वसईचाच गोन्सालो गार्सिया घ्या. १५५७ च्या सुमारास जन्मलेला हा फ्रान्सिस्कन ब्रदर पुरोहित नव्हता. जपानात तो दुभाष्याचे काम करी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीस पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारण्यात आले. रोमने त्याला ‘धन्य’ ठरविले १६२७ मध्ये आणि ‘संत’ १८६२ मध्ये. म्हणजे मृत्यूनंतर २६५ वर्षांनी! रोमच्या मान्यतेवाचून कोणाची जाहीर उपासना करू नये, असा दंडक पोप आठवे उर्बान यांनी १६२५ आणि १६३४ साली घालून दिला होता. भाबडेपणाला आवर घालणारा हा दंडक आम्हांस अनाठायी वाटत नाही.

परंतु हा व्यवहार एकतर्फी आहे असे समजणे चूक होय. मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाचा सण लोक हजारांहून अधिक वर्षे पाळीत आले होते. तो सिद्धान्त म्हणून जाहीर करण्यापूर्वी बाराव्या पायस यांनी १९४६ साली जगभरच्या बिशपांना विचारले : तुमच्या लोकांची इच्छा काय? बहुतेक सर्वांचा होकार आला, आणि १ नोव्हेंबर १९५० रोजी घोषणा झाली. पुढे व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी स्पष्ट केले, की समस्त श्रद्धावंत एकमताने जे मानतात त्यात चूक होऊ शकत नाही. मात्र संतांची खरी भक्ती बाह्य उपचारांच्या संख्येत नसून कृतिशील प्रेमात आहे. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी सहावे पॉल मुंबईस उतरले; ओव्हल मैदानावर तेव्हा युखरिस्त परिषद भरली होती.

ह्याच पोपांनी १९६९ साली पंचांग सुधारले आणि प्रवाशांचा पाठीराखा संत ख्रिस्तोफर ह्याचा सण सार्वत्रिक यादीतून वगळला. त्याचे संतपद काढले नव्हते. स्थानिक उपासनेसही मुभा होती. तरी ‘आमचा संत खोटा होता काय?’ असा प्रश्न भाविकांच्या मनात उभा राहिलाच. भक्ताला नुसता निर्णय पुरत नाही, त्यामागचे कारणही हवे असते.

दादरच्या पुढे, माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. मेणबत्ती घेऊन येणाऱ्यांत हिंदू असतात, पारशीही असतात. ही गर्दी रोमने जमविलेली नाही. पण तिला योग्य वाट दाखविणे हे रोमचे काम आहे. भक्ती खालून वर चढते, उपदेश वरून खाली येतो. दोहोंची गाठ पडते तेथेच धर्म जिवंत राहतो, असे आम्हांस वाटते.