दूरचित्रवाणी : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्हा

मुंबई केंद्राचे २ ऑक्टोबर १९७२ रोजी उद्घाटन झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे तेच कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले, तरी दूरचित्रवाणीच्या लहरी प्रायः सरळ रेषेत जात असल्याने, कळसूबाईसारखे १,६४६ मीटर उंचीचे शिखर ज्याच्या पश्चिम सीमेवर उभे आहे, त्या अहमदनगर जिल्ह्याच्या बहुतेक मुलखास या दोन्ही केंद्रांचा उपयोग अल्पच होता. अशा सीमावर्ती टापूत हौशी मंडळी लोखंडी नळावर ॲल्युमिनियमचा अँटेना चढवीत व बूस्टर जोडीत. एकाने छपरावर अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘मुंग्या’ कमी झाल्याची वर्दी द्यायची, असा हा खटाटोप असे.

१९७५-७६ च्या उपग्रह-शिक्षण प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे अंतर्भूत होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता. १९७२ च्या दुष्काळातून नुकत्याच सावरलेल्या या जिल्ह्यास कृषिविषयक प्रक्षेपणाची निकड कोणाहून कमी नव्हती, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

इन्सॅट-१अ हा उपग्रह १९८२ मध्येच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१ब च्या आधारे १९८४ पासून देशभर १०० वॅटचे अल्पशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभारले गेले. नगरचा प्रक्षेपक याच वर्गातील होय. तबकडीने उपग्रहाचा संकेत घ्यावयाचा आणि मनोऱ्यावरून तो पुन्हा प्रसृत करावयाचा, ही त्याची कार्यपद्धती. सपाटीवर त्याचा पल्ला २०-२५ किलोमीटरांचा, त्यामुळे करंजी घाटापलीकडील पाथर्डीसारखी गावे त्याच्या अमलाबाहेर राहिली. उपग्रहावरून प्रथम मुख्यत्वे दिल्लीचेच कार्यक्रम येत असल्याने, हिंदी मालिका घरात बसून पाहणाऱ्या नगरकरास मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांसाठी मात्र प्रादेशिक उपग्रहसेवा सुरू होईतो वाट पाहावी लागली. दूरची दिल्ली जवळ आणि जवळची मुंबई दूर, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. संचधारकाने डाकघरात परवाना-शुल्क भरण्याचा दंडक पुढे रद्द झाला.

कार्यक्रम : ‘आमची माती, आमची माणसं’, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’ इत्यादी.

मराठी उपग्रहवाहिनी १५ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झाली. २००० मध्ये तिचे ‘सह्याद्री’ असे नामकरण झाले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची घरगुती तबकडीवरील विनाशुल्क सेवा आरंभ पावल्यावर डोंगराआडच्या वस्त्यांची अडचण सरली आणि भूस्थित अल्पशक्ती प्रक्षेपक क्रमाक्रमाने बंद करण्यात आले.

खाजगी वाहिन्या : अल्फा मराठी (१९९९, पुढे झी मराठी) व तदनंतरच्या.