भिंतीवरील नक्षी व भंडाऱ्याचा करवतकाठ

विसाव्या शतकाच्या मध्यावरील वॉलपेपरांच्या नक्ष्या पुन्हा छापून त्या नव्या घरांतील भिंतींवर लावण्याची आवड अलीकडे पाश्चात्त्य देशांत दिसते, आणि आपल्याकडील शहरांतही तिचे अनुकरण होऊ लागले आहे. जुनी नक्षी पुनरुज्जीवित झाली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय पुन्हा जिवंत होते, हा प्रश्न त्या निमित्ताने उपस्थित होतो. भंडारा जिल्ह्यातील करवतकाठी कोशाच्या उदाहरणावरून त्याचा विचार करण्याचा येथे उद्देश आहे.

छापील कागदाच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे असते. विल्यम मॉरिस याने स्थापन केलेली कंपनी १९४० मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या भिंतकागदांचे लाकडी ठसे सँडरसन कंपनीकडे गेले आणि त्या नक्ष्यांची परंपरा तुटली नाही. १९५१ च्या ब्रिटिश महोत्सवासाठी इन्शुलिन, हीमोग्लोबिन इत्यादी पदार्थांच्या स्फटिकरचनांवरून नक्ष्या तयार करण्यात आल्या. त्यांची रेखाटनेही संग्रहालयांत सुरक्षित आहेत. ठसा अथवा रेखाटन हाती असले की अशी नक्षी कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही देशात पुन्हा छापता येते. तिचे अस्तित्व कारागिराहून वेगळे असते.

भंडाऱ्याच्या घरांत कागदाला स्थान मिळाले नाही. मातीच्या भिंती, पावसाळ्यातील ओल व वाळवी यांपुढे तो टिकणे कठीणच होते. चुन्याचा हात, पायथ्याशी कावेचा पट्टा आणि नागपंचमीसारख्या सणाला काढलेली चित्रे, एवढेच भिंतीचे भूषण. नक्षीचे खरे वैभव वस्त्रात होते. पवनी येथील रेशीमकाठी कापडाची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांनीही घेतली आहे. आंधळगाव, मोहाडी या परिसरात कोष्टी विणकरांनी टसरचे, म्हणजे कोशाचे, वस्त्र नावारूपास आणले. ऐन व अर्जुन या वृक्षांवर टसरचे किडे पोसण्याचे काम ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला; परंतु जंगल, कोसा व माग यांचा संबंध त्या सीमारेषेने तुटला नाही.

करवतकाठाचे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. वस्त्राचे अंग कोशाच्या नैसर्गिक रंगाचे असते आणि काठ गडद, निराळ्या रंगाचे. अंगासाठी एक व दोन काठांसाठी दोन, असे तीन धोटे चालतात. अंगाचा व काठाचा बाणा जेथे भेटतो, तेथे ते धागे परस्परांत गुंतवले जातात. दात्याचे शिखर चढवताना व उतरवताना प्रत्येक फेरीत काठाच्या धाग्याची पोच हातानेच कमीअधिक करावी लागते. करवतीसारखी दिसणारी ही दातेरी रेषा वस्त्रावर काढलेली नसून दोन रंगांच्या सांध्यातून ती निर्माण झालेली असते. म्हणून तिला ठसा नाही. तिचे मूळ विणकराच्या हातात व त्याच्या मोजणीत आहे.

चित्रकार व विणकर यांना एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न याच शतकमध्यात झाला, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये मुंबईस विणकर सेवा केंद्र सुरू झाले. के. जी. सुब्रमण्यन, प्रभाकर बरवे यांच्यासारखे कलावंत पुढे त्या कार्यात सहभागी झाले. नवी कल्पना मागावर उतरली पाहिजे, ही त्या कार्यामागील भूमिका होती.

आज करवतीच्या दात्यांचे छायाचित्र घेऊन ते प्लास्टिकच्या कागदावर छापणे अवघड नाही. परंतु त्यायोगे विणकराला मजुरी मिळणार नाही आणि त्याच्या मुलाला माग शिकण्याचे कारणही उरणार नाही. करवतकाठी वस्त्राला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळालेले आहे. पण ते नावाचे संरक्षण होय, हाताचे नव्हे. जाणता विणकर गेला की भिंतीवरील छापील दात्यांवरून तीन धोट्यांची चाल कोणालाही शिकता येणार नाही.

यास्तव आधुनिक घरासाठी या नक्षीचा विचार करावयाचा असेल, तर मागावर विणलेला करवतकाठी कोसाच लाकडी चौकटीवर ताणून भिंतीस लावणे अधिक उचित ठरेल. रेशीम उन्हाने विटते व ओलीने त्यास बुरशी लागते. म्हणून थेट ऊन व ओलसर भिंत टाळावी. चौकट उतरवता येत असल्याने वस्त्राची निगाही राखता येते.

तथापि याहूनही निकडीचे काम नोंदीचे आहे. घरोघरच्या पेट्यांतील जुनी लुगडी पाहून त्यांच्या दात्यांची मोजमापे घेणे, वृद्ध विणकरांकडून मागावरील शब्द व रीती टिपून ठेवणे, हे विद्यापीठीय अभ्यासकांचे कर्तव्य होय. लुगडे पेटीत आणखी काही वर्षे टिकेल. ते कसे विणले हे सांगणारा माणूस तितकी वर्षे थांबेलच, असे नाही.