दोन अब्जांची मूळ संख्या आणि २०३८ चा पेच

२,१४,७४,८३,६४७ या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. अर्थात ती मूळ संख्या आहे. २ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला, की ती मिळते. या रीतीने मिळणाऱ्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांचे नाव देण्यात आले आहे. त्यासाठी घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढे पुरेसे नसते. घातांक ११ घेतल्यास २०४७ ही संख्या येते आणि ती २३ व ८९ यांचा गुणाकार निघते.

मर्सेन यांच्या १६४४ च्या यादीत ३१ हा घातांक होता, मात्र त्या यादीत चुकाही होत्या. ३१ बाबतची सिद्धता लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दिली. त्या वेळी ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भाग देऊन पाहायचे, तर हजारो भागाकार करावे लागले असते. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे ऑयलर यांनी ओळखले. त्यामुळे तपासण्याजोग्या मूळ संख्या सुमारे ऐंशीच उरल्या. सिद्धतेचे खरे सौंदर्य या गाळणीत आहे.

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले, की १९ अंकी ‘परिपूर्ण संख्या’ मिळते. तिच्याहून लहान असलेल्या तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. ६ आणि २८ ही याची परिचित उदाहरणे. याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४,१०,२४,३२० अंकी मर्सेन मूळ संख्या सापडली आणि तिच्यासोबत त्याहून मोठी परिपूर्ण संख्याही!

उपयोगाचे म्हणाल, तर ३२ बिटांच्या मोजणीत एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी ठेवला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. तिचे मूळ असणे हा येथे निव्वळ योगायोग. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा ओलांडली आणि यूट्यूबला आपला गणक ६४ बिटांचा करावा लागला.

त्याहून गंभीर प्रश्न घड्याळाचा आहे. अनेक संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटांवर चालणाऱ्या प्रणालींत हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. पुढच्याच सेकंदाला अशी घड्याळे डिसेंबर १९०१ दाखवू शकतील. नव्या प्रणाली ६४ बिटांकडे वळल्या आहेत. (तेथील मर्यादा मूळ संख्या नाही, तिला ७ ने भाग जातो.) मात्र यंत्रांच्या पोटात बसविलेले आणि वर्षानुवर्षे न बदलले जाणारे जुने नियंत्रक शोधून काढणे, हे काम त्यापूर्वी उरकावे लागणार आहे.